आमच्या आबांची पाटी तात्यांच्या घरी आहे

गौरव समितीने मला लेख लिहायला सांगितले तेव्हा सोबत एक सूचनाही केली. लेखात तक्रार नसावी. समितीतली सगळी मंडळी मला पुरती ओळखतात, त्यामुळे ही सूचना फक्त मलाच झाली असणार. श्री. माणिकराव बोंद्रे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे माणिकतात्या, यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आनंदच आहे. पण ज्यांनी माझ्या सबंध नोकरीत माझ्या नाकी नऊ आणले, आणि आजही ज्यांच्या घरी माझ्या वडिलांच्या नावाची पाटी पोत्यात गुंडाळून ठेवलेली आहे, त्यांच्याविषयी तक्रार न करता लिहायचे म्हणजे मिठावाचून आमटी करायची. प्रयत्न करते. नाहीच जमले तर समितीने सांभाळून घ्यावे.

तात्यांची आणि माझी पहिली भेट भोकरगावच्या ग्रामपंचायत कार्यालयात झाली. मी लिपिक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. नवीन टेबल, नवीन खुर्ची, आणि मी सकाळीच सगळे पुसून लख्ख केलेले. तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाने भरलेले आणि खांद्यावर रस्त्याच्या नावाची एक भलीमोठी निळी पाटी. ती त्यांनी माझ्या कागदांवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही जमा करून घ्या."

मी विचारले, "पाटी पडली का?"

"न्हाय. काढली. रस्ता ऱ्हायला न्हाय, मग नाव कशाला?"

एवढे बोलून ते निघून गेले. चहाचीसुद्धा वाट पाहिली नाही. तासाभरात त्या पाटीवर ज्यांचे नाव होते त्यांचे मुलगे, पुतणे आणि एक जावई असे सगळे माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. पाटी माझ्यापुढे होती, म्हणजे ती मीच काढली, असा त्यांचा सरळ हिशोब. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी गावातल्या एका प्रतिष्ठित घराण्याच्या शिव्या खाल्ल्या, त्या तात्यांच्या वाट्याच्या होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तात्यांनी स्थापत्याची पदविका घेऊन काही वर्षे सरकारी बांधकाम खात्यात काढली. तिथे साहेबाशी भांडण झाले, राजीनामा दिला, आणि गावी येऊन पेरूची बाग लावली. शिकलेला माणूस गावात मोकळा सापडला म्हटल्यावर ग्रामपंचायतीने त्यांना रस्ते आणि नामकरण समितीचे अध्यक्ष केले. तात्यांनी पहिल्याच बैठकीत ठराव मांडला : जो रस्ता बिघडेल त्याची पाटी उतरवायची, आणि रस्ता दुरुस्त होऊन त्याच्यावरून एक पावसाळा गेल्याशिवाय ती परत लावायची नाही. सभासदांना वाटले, बोलण्यापुरते आहे. सगळ्यांनी हसत हात वर केले. तात्या मात्र दुसऱ्याच दिवशी खिशात पाना घालून बाहेर पडले. पुढे कितीतरी सरपंच झाले, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पण हा अध्यक्ष कुणी बदलला नाही. कारण रोज कुणा ना कुणाचा वाईटपणा घ्यायचे ते काम दुसऱ्या कुणालाच नको होते.

तात्यांच्या कामाविषयी मी आदरानेच लिहीन. रस्त्याचा जीव घेते ते पाणी, हे त्यांचे ठाम मत. आपल्याकडे ऊस आहे म्हणजे पाटाचे पाणी आहे, आणि रात्रपाळीचे पाणी सोडून शेतकरी झोपला की ते बांध ओलांडून रस्त्यावर येणारच. त्यावर गाळपाच्या हंगामात ट्रॉल्या गेल्या की डांबराचे पापड होतात. तात्या सांगत, रस्त्याचा मधला भाग उंच पाहिजे, दोन्ही अंगाला पाणी वाहून न्यायला चारी पाहिजे, आणि चारी मोकळी पाहिजे. हे ते ग्रामसभेत सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत, मयतीला गेले तरी स्मशानाच्या वाटेवर सांगत. एकदा तर खांदा दिलेल्या माणसाला त्यांनी चालता चालता चारी दाखवली. तो माणूस अजून माझ्याकडे त्याची तक्रार करतो.

पण ऐकले लोकांनी, हे मान्य केले पाहिजे. ज्याच्या आजोबांची पाटी उतरली तो नातू दोन दिवस तणतण करी, तिसऱ्या दिवशी फावडे घेऊन चारी उपसू लागे. शासनाच्या परिपत्रकांनी जे झाले नाही ते चार नटबोल्टांनी झाले. फक्त त्या आधीची तणतण ऐकायला मी होते.

माझा हात मोडला ती हकीकत सांगते. पोस्टातून येताना माझी स्कूटर खड्ड्यात गेली आणि मी मनगटावर पडले. बारामतीच्या दवाखान्यात प्लास्टर घालून मला खाटेवर निजवले होते. संध्याकाळी तात्या आले. हातात पेरूंची पिशवी. मला वाटले, आता तरी चौकशी करतील.

"कुठल्या खड्ड्यात पडलात, बाई?"

"तात्या, माझा हात मोडलाय."

"ते दिसतंय की. खड्डा कुठला? बँकेपुढचा का दवंडीच्या चौकातला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड भिंतीकडे केले. ते शांतपणे पिशवीतून सुरी काढून पेरूच्या फोडी करत बसले, कारण एका हाताने मला त्या करता येणार नव्हत्या. फोडींना मीठतिखट लावले, बशी माझ्या डाव्या हाताशी ठेवली, आणि मग पुन्हा विचारले, "बँकेपुढचाच ना?" मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः खडी-मुरूम टाकून, धुमसाने ठोकून तो खड्डा बुजवला. प्लास्टर निघेपर्यंत आमच्या घरी रोज त्यांच्याकडून डबा येत होता. डबा तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, करत, आणायला तात्याच येत. रिकामा डबा हातात पडेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहत, आणि बोलत मात्र खड्ड्यांविषयीच.

नामकरणाच्या बाबतीत तर तात्यांनी माझा जीव खाल्ला. गावात प्रत्येकाला आपल्या माणसाचे नाव रस्त्याला हवे असते. त्यात गैर काही नाही. पण एकदा एका मोठ्या पुढाऱ्याचे कार्यकर्ते आले. साहेब हयात होते, चांगले ठणठणीत होते, आणि बाजारपेठेच्या रस्त्याला त्यांचे नाव हवे होते. तात्यांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "साहेबांना म्हणावं, गडबड करू नका. आमच्याकडं मेल्याबिगर नाव लागत न्हाय. त्यांना शंभर वर्सं हुंदेत, मग बघू." कार्यकर्त्यांना रागवावे की हात जोडावे ते कळेना. शेवटी ते माझ्या टेबलाशी आले आणि माझ्यावर रागावले. तो रस्ता आजही नुसता बाजाररस्ता आहे.

आणि ते कन्हेरी गावाहून आलेले वऱ्हाड. लग्नाच्या आदल्याच दिवशी तात्यांनी कोपऱ्यावरची पाटी उतरवली होती, कारण चारी तुंबून रस्त्यावर तळे झाले होते. वऱ्हाडाला पत्ता सांगितलेला त्या पाटीचा. पाटी नाही, म्हणून ते पुढे गेले आणि जो पहिला मांडव दिसला त्यात शिरले. तिथेही लग्नच होते. त्यांचे स्वागत झाले, पोहे झाले, चहा झाला, फेटे बांधायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे नवरदेवाच्या मामांनी कमानीवरचे नाव वाचले. इकडे खरा मुहूर्त टळून गेला. मुलीचे वडील सरळ माझ्या कार्यालयात. मी सरळ तात्यांच्या बागेत. मी असेल नसेल तेवढे सगळे बोलले. तात्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोहे बरे व्हते म्हणत्यात की."

मी म्हटले, "लोकांनी पत्ता सांगायचा कसा, तात्या?"

"विजेच्या डीपीपासनं डावीकडं म्हणून सांगत्यातच की. डीपी जळाली मंजी पत्ता बी जळतोय. चारी उपसा, पाटी लावतो."

मी हात टेकले. मुलीच्या वडिलांनी मात्र मुलीची पाठवणी झाल्याबरोबर चारी उपसली.

आता आमच्या आबांविषयी. हे लिहिल्याशिवाय माझा लेख पुरा होणार नाही, आणि हे वाचून माझा भाऊ दिलीप माझ्याशी बोलणार नाही हेही मला ठाऊक आहे.

आमच्या मळ्याकडे जाणारी वाट पूर्वी एका बैलगाडीपुरती होती. समोरून दुसरी गाडी आली की एकाला मागे सरावे लागे, आणि मागे कोण सरणार यावरून माणसे एकमेकांच्या सात पिढ्या काढीत. रस्ता रुंद करायचा तर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी जमीन सोडायला हवी. समोरच्यांनी सोडली नाही. तेव्हा आमच्या वडिलांनी, गणपतआबा थिट्यांनी, सगळी जमीन एकट्याने आपल्या अंगाची सोडली. पाण्याखालची, उसाची जमीन. दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन तात्या आखणी करत होते. आबा त्यांना म्हणाले, "माणिक, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कुणालाच मागं सरायला लागू न्हाय, एवढा कर." तात्यांनी तेवढा केला. आबा गेल्यावर त्या रस्त्याला त्यांचे नाव द्यायचा प्रस्ताव तात्यांनीच मांडला. मी अर्जही केला नव्हता. कै. गणपतआबा थिटे मार्ग. पाटी लागली त्या दिवशी मी कार्यालयातून घरी जाताना मुद्दाम वाकडी वाट करून ती बघून आले.

पुढे दिलीपच्या हातात शेती आली. दिलीप वाईट नाही. पण दर नांगरटीला बांध जरासा पुढे सरकायचा. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकाच. ट्रॅक्टरवाल्याला कुणी सांगितले नव्हते, आणि अडवलेही नव्हते. समोरच्यांनी ते पाहिले, मग त्यांचाही बांध चालू लागला. असे होता होता गेल्या गाळपाच्या आधीच्या हंगामात एक दिवस उसाची ट्रॉली आणि दुधाचा टेम्पो आबांच्या रस्त्यावर नाकासमोर नाक येऊन उभे राहिले. मागे शाळेची गाडी. कुणालाच मागे सरता येईना. पोरे गाडीत रडत होती. तात्यांना निरोप गेला. ते आले, दोन्ही बाजूचा ऊस बघितला, आणि खिशातून पाना काढला.

पाटी उतरवल्याचे मला फोनवर कळले. मी तेव्हा निवृत्त झाले होते, त्यामुळे आता कुणाचीही भीड नव्हती. मी तशीच त्यांच्या घरी गेले.

"तात्या, तो रस्ता आमच्या बापानं दिलाय."

"व्हय. आन तुझ्या भावानं परत घेतलाय."

कार्यालयात तात्या मला बाई म्हणत आणि तुमी म्हणत. कार्यालयाबाहेर मी गणपतआबाची पोर, त्यामुळे अगं-तुगं. त्या दिवशी मला ते अगं-तुगंही सोसले नाही. मी म्हटले, इतरांच्या पाट्या काढा, पण ज्यांनी जमीन दिली त्यांची तरी ठेवायची. त्यावर तात्या म्हणाले, "त्यांची हाय म्हणूनच काढली." मी उठून आले. वाटेत मळ्यात गेले. वाटले, आई तरी माझ्या बाजूने बोलेल. आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटले, "बराबर केलं माणिकनं. तुझा आबा असता तर त्यानंच काढली असती." आणि दिलीप आतून ओरडला, "ऱ्हाऊ द्या तितंच. पाटीनं काय ऊस वाढतोय का." एका दिवसात इतक्या माणसांचा राग मला कधी आला नव्हता.

त्यानंतर मी तात्यांकडे जाणे सोडले नाही, उलट वाढवले. दर भेटीत एकच विषय. गावातल्या उतरवलेल्या बाकी पाट्या त्यांच्या पेरूच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभ्या असतात. आबांची तिथे दिसेना. मी काकूंना विचारले. काकूंनी मला माजघरात नेले. कपाटामागे पोत्यात गुंडाळून ती ठेवलेली होती. "मधनंमधनं काढून पुसत्यात," काकू म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून बोलू नको." मी अर्थातच तात्यांपुढे जाऊन बोलले. इतकी माया आहे तर लावा की. तात्या म्हणाले, "पुसायला हरकत न्हाय. लावायला हाय."

तिढा सुटला तो एका लग्नामुळे. दिलीपच्या मुलीचे, प्राजक्ताचे, लग्न ठरले. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायची होती म्हणून तारीख तुळशीच्या लग्नानंतरची धरली, पण दिलीपला दम कुठला. साखरपुडा झाल्याबरोबर त्याने पत्रिकेचा मजकूर लिहून काढला. निमंत्रकांत तात्यांचे नाव घालायचे, म्हणून त्यांना दाखवायला घेऊन गेला. प्राजक्ता आणि मी बरोबर होतो. तात्यांनी चष्मा लावून सगळा मजकूर वाचला. विवाहस्थळ : थिटे मळा, कै. गणपतआबा थिटे मार्ग.

"पत्ता चुकलाय, दिलीपराव," तात्या म्हणाले. "असा रस्ता आपल्या गावात न्हाय."

"तात्या, पोरीच्या पत्रिकेत आज्याचं नाव नसावं व्हय?" दिलीपचा आवाज चढला होता.

"असावं की. रस्ता आणा, नाव देतो. तवर डीपीपासनं डावीकडं म्हणून छापा."

दिलीप लाल झाला. मीही तोंड उघडणार होते. तेवढ्यात प्राजक्ता म्हणाली, "पप्पा, मग ऊस मागं घ्या की." तिने ते इतक्या सहज म्हटले, जणू खुर्ची मागे घ्या. दिलीपने पत्रिकेचा मजकूर घडी करून खिशात घातला. एवढे दिवस मी घसा कोरडा केला, तात्यांनी पाटी काढली, आईने सुनावले, आणि पोरीच्या त्या एका वाक्याने तो हलला.

ऊस कारखान्याला गेल्यावर दिलीपने कडेच्या उसाचा खोडवा पुन्हा फुटायला ठेवला नाही. स्वतः ट्रॅक्टरवर बसून बांध जुन्या जागी नेला. तो सरकला म्हटल्यावर समोरचेही सरकले, कुरकुरत का होईना. तात्या त्या उन्हात दोरी आणि फक्की घेऊन उभे होते, आणि जिथे बोटभर कमी पडे तिथे दिलीपला पुन्हा फिरायला लावत होते. मुरूम पडला, रोलर फिरला, चाऱ्या झाल्या. मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. शाळेची गाडी आणि शेणखताचा ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि एकमेकांना हात करून निघून गेले. कुणी मागे सरले नाही. मी तिथूनच तात्यांना फोन लावला. "तात्या, आता लावा पाटी."

"एक पावसाळा जाऊ दे."

मी फोन ठेवला. दुसरे काय करणार?

आणि त्यानंतर महिनाभरातच तात्यांच्या छातीत दुखू लागले. बारामतीला नेले, शस्त्रक्रिया झाली. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर होते, ओठ सुकलेले, हाताला सुई. तरी मी बोललेच, कारण गप्प बसणे मला जमत नाही. "तात्या, नियम राहू द्या आता. लावून टाका. पावसाळ्याचं कुणी बघितलंय?"

तात्या म्हणाले, "पावसानंच कळतंय, सुनंदा. वरनं समद्यांचंच चांगलं दिसतं." आणि थोड्या वेळाने, "औंदा पाऊस कधी म्हणत्यात?"

मला राग आला आणि रडूही आले. मी पिशवीतून पेरू काढले, फोडी केल्या, आणि डॉक्टरांनी मनाई केलेली असल्यामुळे त्यांच्यासमोर मीच खाल्ल्या.

तात्या आता घरी आहेत. फिरायला म्हणून बाहेर पडतात आणि चाऱ्या बघून येतात. सत्काराच्या निमित्ताने त्यांच्या घरापुढच्या गल्लीला त्यांचे नाव द्यावे, असा विचार समितीतल्या काही उत्साही मंडळींनी मांडला होता. मी त्या बैठकीत काय बोलले ते इतिवृत्तात आलेले नाही, ते बरेच झाले. तात्यांचाच नियम आहे, हयात माणसाचे नाव लागत नाही. आणि जो नियम आमच्या आबांना चुकला नाही, तो तात्यांनाही चुकायचा नाही.

तेव्हा तात्या, मोठ्या समारंभात मोठी माणसे तुम्हाला मोठमोठ्या शुभेच्छा देतील. माझ्या साध्या आहेत. हा पावसाळा नीट पार पाडा. औषधे वेळेवर घ्या, काकूंचे ऐका, चारीत उतरू नका. दसऱ्याला पोत्यातून पाटी काढा. शिडीवर दिलीप चढेल, तुम्ही खाली उभे राहून पाटी वाकडी लागली म्हणून ओरडा. प्राजक्ताचे वऱ्हाड त्या पाटीवरून वळू द्या. आणि पुढे केव्हा आमच्या घरातला कुणी पुन्हा बांध सरकवू लागला, तर ती पाटी काढायलाही तुम्हीच या, कारण गावात दुसऱ्या कुणाची ती छाती नाही.

मी तुमच्यावर चिडायला येत राहीनच. फक्त या गावात तुमच्या नावाचा रस्ता बघायची वेळ माझ्यावर येऊ देऊ नका.